चढतानाचा आवाज

जेवण झालं का, असं विचारलं की आमचे घरमालक म्हणायचे, "झालं असं वाटतंय." समोर ताट लख्ख, बोटं चाटून पुसलेली, तरी वाटतंय. आंघोळ झाली का? वाटतंय. मुलीचं लग्न झालं का, असं एका पाहुण्याने विचारलं तेव्हाही तेच उत्तर, आणि मुलगी तर दोन लेकरांची आई होऊन लातूरला नांदत होती. नव्या माणसाला ही थट्टा वाटे. मलाही आधी तसंच वाटलं. पुढे कळलं की हा माणूस कुठल्याच कामाला 'झालं' म्हणून मोकळा होत नाही, आणि त्यात गंमत काहीच नाही.

केज तालुक्यातल्या त्या गावात मी गुरांचा डॉक्टर म्हणून गेलो होतो. सरकारी क्वार्टर होतं, पण त्यात माझ्या आधीपासून कडबा राहत होता आणि त्याला हलवायची कुणाची छाती नव्हती. म्हणून मला मिस्त्रींकडे खोली घ्यावी लागली. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणे. गावच्या उपसा सिंचन सहकारी संस्थेचे दोन मोठे पंप तलावाच्या काठावर होते. ते पाणी उचलून वर माळावरच्या सभासदांच्या शेतात टाकायचे. मिस्त्री त्या पंपांचे चालक, फिटर, राखणदार, सगळं काही. मी गेलो तेव्हा दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. संस्थेचं संचालक मंडळ पूर्ण भरलेलं होतं आणि तलाव पूर्ण रिकामा. तलावाच्या तळाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

तरी मिस्त्री रोज सकाळी पंपघरात जायचे, दोन्ही पंपांचे दांडे हाताने फिरवायचे, फडक्याने पुसायचे आणि कुलूप लावून परत यायचे. मी एकदा म्हटलं, "मिस्त्री, पाणीच नाही तर रोज कशाला जाता?"

"पाणी न्हाई ह्यात पंपाचा काय गुन्हा? त्याला कावून गंजू द्यायचं?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो आणि एक दांडा फिरवून पाहिला. खांदा दोन दिवस दुखत होता.

त्यांची आणखी एक सवय सांगितली पाहिजे. कुठलाही बोल्ट आवळला की ते दुसऱ्या माणसाला बोलावून त्यावर हात ठेवायला लावत. "लावा हात. हालतो का? न्हाई ना? तुमी बघितलं ना?" समोरचा हो म्हणेपर्यंत पाना खाली ठेवत नसत. चांगल्या वर्षी पाणीपाळी सुरू होताना चेअरमन पंपापुढे नारळ फोडायचे आणि मग संचालकांना रांगेत उभं करून मिस्त्री एकेकाचा हात नटांवर ठेवायला लावायचे, असं मी ऐकलं. लोकांना तो पूजेचाच भाग वाटायचा. काही जण हात लावून झाल्यावर कपाळाला लावायचे.

कान तर त्यांचा भलताच होता. पाण्याचा टँकर गावात आला की बायका घागरी घेऊन पळायच्या आणि मिस्त्री बॉनेटकडे जायचे. एक डोळा मिटून ऐकायचे आणि ड्रायव्हरला म्हणायचे, "तुजं एक सिलिंडर झोपलंय बे. दाखव कुणाला तरी." ड्रायव्हर वैतागायचा. कधी त्यांचं बरोबर निघायचं, कधी साफ चूक. चूक निघाली की त्यांना विशेष आनंद व्हायचा. "बरं झालं, चांगलं हाय मंजे," म्हणायचे.

आता त्यांच्या विमानाकडे येतो. खोली दाखवायला नेलं तेव्हा आढ्याला दोऱ्यांनी टांगलेलं एक विमान होतं, नेमकं माझ्या खाटेच्या वर. लाकडी पट्ट्यांचं, पांढऱ्या पातळ कापडाने मढवलेलं. पंखांच्या लांबीला माझे दोन्ही हात पसरले तरी पुरत नव्हते. मी विचारलं, "हे काय?"

"इमान."

"ते दिसतंय."

"हे हितंच ऱ्हाईल. तुमी त्याच्या खाली झोपत जावा. पडणार न्हाई. हात लावून बघा गाठीला."

मी गाठीला हात लावला आणि भाडेकरू झालो.

मावशी, म्हणजे त्यांची बायको, या विमानाला 'सवत' म्हणायची. "सवतीला कापड आणलंय पुण्याहून. मला लुगडं आणायला केजला जायला जीवावर येतंय." असं म्हणायची आणि विमानावरची धूळ मात्र स्वतःच पुसायची. मला पुसू देत नसे. माझे हात गुरांचे आहेत, असं तिचं म्हणणं.

यापूर्वी मिस्त्रींनी लहान विमानं केली होती, दूरवरून चालवायच्या रेडिओच्या डब्यावर ती उडवलीही होती आणि दोन पाडली होती. जागा एकच, तलावाचा तळ. कोरडा पडला की तो मैदानासारखा सपाट व्हायचा, झाड नाही की तार नाही. म्हणजे जन्मभर ज्या माणसाने गावाला पाणी चढवलं, त्याचं विमान पाणी आटलं तरच उडायचं. गावातली टवाळ पोरं म्हणायची, तलाव भरला की मिस्त्रीचं इमानतळ बुडतंय. हसण्यावारी चाललं होतं तोवर ठीक होतं.

हे मोठं विमान मात्र वेगळं होतं. साधारणपणे अशा विमानाची टाकी इंजिनाच्या अगदी पाठीशी असते, म्हणजे इंधन सहज पोचतं. मिस्त्रींनी टाकी मुद्दाम मागे, पंखांच्या खाली, पोटात ठेवली होती. का, तर इंधन संपत जातं तसा तोल बिघडू नये. पण टाकी लांब गेली की इंजिनाला ओढून घेता येत नाही, विशेषतः नाक वर करून चढताना. तिथे पंप लागतो. आगपेटीच्या निम्म्या आकाराचा एक पंप त्यांनी पुण्याच्या कुणा छंदिष्टाकडून मागवला होता. तो एसटीच्या पार्सलातून आला. त्या दिवशी मिस्त्रींनी स्टँडवर उभ्याउभ्या खोकं उघडलं, पंप तळहातावर ठेवला आणि कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. कंडक्टर म्हणाला, "काय मामा, घड्याळ हाय का?" मिस्त्री म्हणाले, "काळीज हाय."

इंधन म्हणजे मिथेनॉल आणि त्यात एरंडेल. मिथेनॉल लांबून यायचं. एरंडेल केजच्या बाजारातल्या एका आप्पांच्या दुकानातून. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग आणि जिभेवर कायम काहीतरी खोचक. मिस्त्रींनी कॅन पुढे केला की आप्पा म्हणायचे, "समद्या गावाला जुलाब द्यायचा इचार हाय का, मिस्त्री? दुस्काळात पोटात हाय काय तवा?" मिस्त्री गंभीरपणे उत्तर द्यायचे, "इंजनाला द्यायचंय." आप्पांनी ते कधीच खरं मानलं नाही. मिस्त्रींना जुनाट मलावरोध आहे आणि ते लाजतात, असा त्यांचा पक्का ग्रह होता. मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "डाक्टर, तुमी जनावराचे असला तरी बघा की जरा."

पंप बसवायचं काम अंगणात चाललं. इंजिनाच्या पाठीमागच्या झाकणाला बारीक भोक पाडायचं, त्यात तोटी बसवायची. इंजिन फिरतं तसा त्याच्या पोटात दर फेऱ्याला दाब उठतो, तो दाब तोटीतून पंपात जातो, पंपातला पातळ पडदा थरथरतो आणि इंधन पुढे ढकलतो. एवढीच गोष्ट. पण भोक पाडताना धातूचा एक कण आत राहिला तर इंजिन खलास. मिस्त्रींनी झाकण रॉकेलने धुतलं, वाळवलं, परत धुतलं. मग मला हाक मारली. मी हात लावून "हालत नाही" म्हटलं. मग मावशीला. तिने पिठाच्या हाताने लावला आणि त्यांना झाकण परत धुवावं लागलं.

मग सुरू झालं जुळवणं. इंजिनाला इंधन किती द्यायचं ते एका सुईने ठरतं आणि पंपाचा जोर एका बारीक स्क्रूने. सुई उघडी जास्त राहिली की इंजिन गुरगुरतं, निळा धूर सोडतं. कमी पडली की आवाज बारीक होतो, किंचाळतो आणि मरतो. मिस्त्री पूर्ण उघडी ठेवून सुरू करायचे, मग जराजरा मिटत न्यायचे, आवाज भरदार झाला की तिथून थोडी मागे घ्यायचे. "पोट भरून वर एक घास," असं त्यांचं माप. मग चालू इंजिनासकट विमान उचलायचे आणि लेकराला ढेकर काढायला उभं धरतात तसं नाक आभाळाकडे करून धरायचे. खरी परीक्षा तिथे. आडवं असताना सगळीच इंजिनं चालतात.

आणि नाक वर केलं की ते मरायचं. नाही मेलं तर हळू करताना तुंबायचं, खोकायचं, इंधन ओकायचं. पाच-सहा दिवस हाच खेळ चालला. स्क्रू इकडे, सुई तिकडे. आवाजाने बिचकून शेजारची म्हैस दूध चोरायला लागली म्हणून शेजारीण भांडून गेली. मिस्त्री जेवेनात. मावशीने मला सांगितलं की झोपेतही त्यांची बोटं सुई फिरवतात.

मग एका सकाळी पंपघरातून ते जवळजवळ पळत आले. विमान खाली घेतलं, पोटाचं झाकण काढलं आणि कपाळावर हात मारून घेतला. पंप नसताना सायलेन्सरमधला दाब एका नळीने टाकीत द्यायची रीत असते, इंधन पुढे सरकावं म्हणून. पंप बसवल्यावर ती नळी काढून टाकायची असते. मिस्त्रींनी जन्माच्या सवयीने ती तशीच जोडून ठेवली होती. मागून सायलेन्सर ढकलतोय, पुढून पंप ढकलतोय.

"डाक्टर," ते म्हणाले, "एका टाकीला दोन चेअरमन झालते."

नळी काढली. टाकीला मोकळी हवा मिळाली. त्या दिवशी विमान नाक वर करून धरलं तेव्हा आवाज एका सुरात राहिला. मिस्त्रींचे हात भरून येईपर्यंत त्यांनी ते धरून ठेवलं. मी म्हटलं, "झालं की मिस्त्री!" ते म्हणाले, "हातात धरून काय कळतंय? वर गेल्यावर बघू."

त्याच दिवशी दुपारी त्यांनी मला एक जुनी हकिगत सांगितली. मी विचारलं नव्हतं. तरुणपणी ते लांब उत्तरेकडच्या एका फ्लाइंग क्लबात मेकॅनिक होते. खरीखुरी विमानं, दोन माणसांची, शिकाऊ पोरांसाठी. एका विमानाचा इंधनपंप त्यांनी बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक पोरगा ते घेऊन एकटा वर गेला. जाण्याआधी त्याने मिस्त्रींबरोबर चहा घेतला होता.

"चांगलं उडालं. चढाला लागलं. आमी खाली हुबे. आन आवाज बारीक झाला. मंग बंदच झाला."

पोरगा गेला. चौकशी झाली. पंपाचे तुकडे झाले होते, त्यातून काही कळेना. कारण निश्चित सांगता येत नाही, असा निकाल लागला.

"मला कुणी काय म्हणलं न्हाई, डाक्टर. साहेब म्हणले, मनाला लावून घेऊ नको. त्या पोराचा बाप आलता. लई मोठा माणूस. त्यानं मला हात जोडले. म्हणला, तुमी रोज त्याला संभाळून घेत होता, तो घरी सांगायचा." मग म्हणाले, "त्यानं माजी गचांडी धरायला पायजे होती. मी भांडलो असतो. मी म्हणलं असतं, न्हाई, मी नीट बसवला होता. भांडायला मला कुणी मिळालंच न्हाई."

नोकरी सोडून ते गावी आले आणि गावच्या पंपांना लागले. मला तेव्हा फार वाईट वाटलं आणि थोडा रागही आला, त्या भल्या माणसांचा. एवढं बोलून मिस्त्री उठले, टाकीतलं इंधन काढून ठेवलं आणि विमान माझ्या खाटेवर टांगलं.

इकडे पाऊस नव्हता तो नव्हताच. पुष्य नक्षत्र कोरडं गेलं, आश्लेषा कोरडी गेली. दुपारी ढग यायचे, काळे, पोट खाली आलेले, गुरंसुद्धा मान वर करायची, आणि संध्याकाळी आभाळ मोकळं. अशा दिवसांत कुणीतरी बातमी आणली की पाटोद्याकडे विमानाने ढग पळवले म्हणे. धूर सोडतात, त्यात औषध असतं, ढग विरघळतो. कोण सोडतं, कशासाठी सोडतं, याची दहा उत्तरं होती. पण आमच्या गावात विमान होतं, ते धूर सोडत होतं, आणि पाऊस न पडण्यात ज्याचा फायदा असा गावात एकच माणूस होता. तलाव भरला तर त्याचं मैदान जात होतं. एवढं जुळल्यावर आणखी काय पाहिजे? चारा छावणीत मी गुरं तपासत असताना एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "डाक्टर, ते औषद तुमीच देता काय हो त्याला?" मी हसलो. तो हसला नाही.

सरूबाई तर मिस्त्रींशी बोलायचीच बंद झाली. संस्थेच्या पाटाच्या अगदी शेवटी तिची मोसंबीची बाग होती. ती आणि तिच्या नवऱ्याने खड्डे खणून, डोक्यावर पाणी आणून लावलेली. नवरा वारल्यावर तिने एकटीने जगवली होती. शेवटच्या टोकाला पाणी पोचत नाही म्हणून पूर्वी मिस्त्री स्वतः पाटाने चालत जाऊन बघायचे, आणि पाणी पोचलं की तीच त्यांना मोसंबी द्यायची. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी ती बाग वाळली. झाडं उभीच होती, पण सरपण झालेली.

मी मिस्त्रींना म्हटलं, "थोडे दिवस थांबा. एक पाऊस होऊ द्या."

"पाऊस झाला तर तळाला चिखल. मंग पुढच्या दुस्काळाची वाट बघू काय मी? असं कसं मागू देवाला?" मग खाली बघत म्हणाले, "एकदाच, डाक्टर. चढतानाचा आवाज ऐकायचाय. मंग न्हाई उडवणार."

म्हणून मघा लागल्यावर एका सकाळी आम्ही विमान बैलगाडीत घालून तलावात नेलं. मावशीही आली, डोक्यावर पदर घट्ट बांधून. मिस्त्रींनी पंपावर हात ठेवायला लावला. आधी मला, मग तिला. रबर लावलेल्या काठीने पंखा फिरवला. इंजिन पहिल्याच झटक्यात बोललं. काठावर माणसं जमायला लागली होती. पूर्वेकडून ढग वर येत होते.

विमान भेगांवरून धडधडत पळालं आणि उचललं. दोन वळसे त्यांनी सपाट घेतले. मग रेडिओच्या डब्यावरची दांडी मागे ओढली, आणि विमानाने नाक वर केलं आणि चढायला लागलं. सरळ वर. त्या काळ्या ढगावर ते पांढरं विमान अगदी स्पष्ट दिसत होतं. मिस्त्री मात्र वर बघत नव्हते. मान खाली, डोळे मिटलेले, तोंड अर्धवट उघडं. नुसते ऐकत होते. आवाज बारीक झाला नाही. लहान झाला, लांब गेला, पण सूर तोच. मी ओरडलो, "मिस्त्री, वर बघा!" तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि विमान सावकाश खाली घेतलं.

उतरल्यावर ते तिथेच मातीत बसले. मावशीने पाणी दिलं. मला वाटलं आता हा माणूस हसेल. ते म्हणाले, "त्या दिवशी काय झालं ते ह्यानं कळत न्हाई."

"मग हे सगळं कशासाठी?"

"आवाज ऐकायचा होता," ते म्हणाले. "लई बरं वाटलं."

दुपारपर्यंत ढग निघून गेले. एक थेंब पडला नाही.

तिसऱ्या दिवशी संस्थेने खास सभा बोलावली. संस्थेच्या गोदामात, खताच्या रिकाम्या पोत्यांवर. विषय एकच. चेअरमन शिकलेले होते, त्यांना असल्या गोष्टी पटत नव्हत्या, पण त्यांना निवडणूकही लढवायची होती. ते घसा खाकरत "सभासदांच्या भावना" असं काहीतरी म्हणत होते. मी तयारी करून गेलो होतो. ढग कसे बनतात, वारा काय करतो, एवढ्याशा इंजिनाचा धूर किती वर जातो, सगळं सांगणार होतो. सांगायला उभाही राहिलो.

तेवढ्यात सरूबाई उठली. बायकांच्या बाजूने सरळ पुरुषांमध्ये आली आणि मिस्त्रींच्या सदऱ्याची गचांडी धरली.

"आला होता त्यो ढग! माज्या डोळ्यानं बघितला. तुजं इमान वर गेलं आन त्यो गेला. कावून केलंस? काय वाकडं केलं होतं मी तुजं?"

जन्मभर ती त्यांना अहो-जाहो करत आली होती. कुणी तिला ओढायला पुढे झालं. मिस्त्रींनी हातानेच त्याला थांबवलं. मी म्हटलं, "अहो बाई, विमानाने कुठे पाऊस..."

"बसा डाक्टर," मिस्त्री म्हणाले.

मग तिच्याकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माजं चुकलं, सरूबाई. मी उडवायला नको होतं. माज्यामुळं गेला."

सरूबाईची मूठ सदऱ्यावर तशीच होती. मग ती तिथेच, त्यांच्या पायाशी बसली आणि मोठ्याने रडायला लागली. नवरा गेला तेव्हा ती रडली नव्हती, बाग वाळली तेव्हाही नाही, असं नंतर मावशीने सांगितलं.

सभेने ठराव केला की पाऊस पडेपर्यंत विमान संस्थेच्या गोदामात ठेवावं. आवाजी मताने मंजूर. असा ठराव जगातल्या दुसऱ्या कुठल्या सहकारी संस्थेने केला असेल असं मला वाटत नाही. मिस्त्रींनी विमान स्वतः आणून दिलं. त्याआधी टाकी रिकामी केली, पंप सोडवून धुतला, पडद्याला तेल लावलं.

घरी येताना मी त्यांच्या चार पावलं पुढे चालत होतो. मला राग आला होता. भर सभेत खोटं कबूल करायचं, तेही असल्या वेडगळ आरोपाला! दारात आल्यावर मी बोललोच, "तुम्हाला माहीत होतं ना, तुमच्यामुळे नाही गेला पाऊस?"

"तिचा आवाज ऐकला का तुमी?" मिस्त्री म्हणाले. "लई बारीक झालता."

ते वर्ष तसंच गेलं. काही लोक त्यांना रस्त्यात टाळत, एकदोघांनी तोंडावर शिव्या दिल्या. मिस्त्री रोज सकाळी पंपघरात जात राहिले. सरूबाईने वाळलेली झाडं तोडून विकली आणि ऊसतोडीच्या टोळीबरोबर कर्नाटकात गेली.

पुढच्या पावसाळ्यात तलाव अर्ध्यावर भरला. पंप सुरू झाले, माळावर पाणी चढलं. ठरावाप्रमाणे विमान घेऊन जा, असा निरोप चेअरमननी दोनदा पाठवला. मिस्त्री गेले नाहीत. शेवटी मीच गेलो. उंदरांनी एक पंख खाल्ला होता. इंजिन आणि पंप मी सोडवून आणले आणि त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवून दिले.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारची, सरूबाई आमच्या अंगणात आली. ऊसतोडीने काळवंडली होती, हातावर पाल्याने कापल्याच्या रेघा होत्या. मावशीने पाणी दिलं, ते तिने प्यायलं नाही. मिस्त्री ओसरीवर कुणाच्या तरी फवारणी पंपाची खीळ काढत बसले होते. ती त्यांच्यापुढे उभी राहिली, पदर दोन्ही हातांनी धरून.

"मिस्त्री," ती म्हणाली, "तुमी काय केलं न्हवतं. मला तवाच ठाव होतं. तुमच्या हातून काय चुकलं न्हाई."

मिस्त्रींच्या हातातलं काम थांबलं. मी खोलीच्या दारात उभा होतो. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, इतक्या वर्षांचं सगळं वय त्यावर एकदम आलं होतं.

"परत म्हणा," ते म्हणाले.

तिला कळलं नाही. तिने मावशीकडे पाहिलं. मावशीने तोंडाला पदर लावला होता आणि ती मानेने हो हो करत होती. मग सरूबाई खाली त्यांच्यासमोर बसली आणि लेकराला समजवावं तसं सावकाश म्हणाली, "तुमच्या हातून काय चुकलं न्हाई, मिस्त्री."

मिस्त्रींनी तेलकट फडकं डोळ्यांना लावलं आणि बराच वेळ ते काढलं नाही.